अंगावर काढलेला ताप

६ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझा मलाच खरा वाटणार नाही.

तपासणीला एक बसचालक आला होता. ऑक्टोबरातल्या साथीत त्याला चार दिवस ताप आला, गोळ्या घेऊन घरी गेला आणि पाचव्या दिवशी पुन्हा गाडीवर. आमच्या अभ्यासात नाव आहे म्हणून बोलावलं, एवढंच. आला तोच घाईत. गाडी खाली उभी आहे, लवकर सोडा म्हणाला. रक्त घेतलं, सोडलं. दुपारी अहवाल हातात आला आणि मी खुर्चीतून उठून उभीच राहिले.

क्रिएटिनीन म्हणजे रक्तातला एक कचरा. मूत्रपिंडं नीट गाळत असली की तो एकच्या आसपास राहतो. या माणसाचा सहाच्या वर. पुन्हा तपासायला लावलं, पुन्हा तेच. संध्याकाळी त्याला परत बोलावून सांगितलं तर तो हसायलाच लागला.

"मॅडम, नळी बदलली असेल कुणाशी तरी. मला तर काहीच होत नाही."

हे वाक्य कानातून जात नाही. त्याला खरोखरच काही होत नव्हतं. जेवत होता, जिने चढत होता, पन्नास माणसं बसवून शहरभर फिरत होता आणि आतून त्याची मूत्रपिंडं जवळजवळ संपली होती.

आमचा विषय साधा आहे. साथीचा ताप येऊन गेलेल्या मोठ्या माणसांच्या मूत्रपिंडांना पुढे काही इजा होते का? मंजुरी मागितली तेव्हा तज्ज्ञांनी नाकं मुरडली, डोंगर पोखरून उंदीर काढाल म्हणाले. खरं सांगायचं तर मीही उंदराचीच वाट बघत होते.

११ फेब्रुवारी

बसचालक दाखल झाला. मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मूत्रपिंड विभागाच्या प्रमुखांनी, त्याला आपल्या देखरेखीखाली घेतलं आहे. त्याची बायको मला विचारत होती की ताप तर कधीच गेला, मग हे आलं कुठून. मी म्हटलं, तेच शोधतोय. उत्तर म्हणून हे किती पोकळ वाटतं ते तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं.

आज निरोगी गटाचं काम पुरं झालं. ताप आलेल्यांशी तुलना करायची तर ताप न आलेली माणसंही हवीत. जानेवारीपासून मी ज्याला त्याला धरून रक्त घेते आहे. दारावरचा रखवालदार, ज्याला त्याच्या दंडांमुळे सगळे पहिलवान म्हणतात, सुई बघून घामाघूम झाला. कॅन्टीनच्या मावशी मात्र उत्साहाने आल्या. साथीत अख्खं रुग्णालय आडवं झालं, पण माझी शेगडी एक दिवस बंद नव्हती, असं त्यांनी तीनदा ऐकवलं. माझ्या नवऱ्यालाही मी आणलं. वीस माणसं हवी होती आणि एकोणीसवर घोडं अडलं, म्हणून विसावी मीच बसले. अर्जावर "साथीचा ताप आला होता का?" यापुढे "नाही" अशी खूण केली. ऑक्टोबरात दीड दिवस अंग मोडून आलं होतं ते जागरणांनी. वॉर्डातल्या बाकावर जरा पडले, दोन गोळ्या घेतल्या आणि उठले. शिणाला ताप म्हणायला लागलो तर अर्धं जग आजारी निघेल.

नळीवर फक्त क्रमांक असतो. कुठला क्रमांक कुणाचा, हे एकट्या आकडेतज्ज्ञांना ठाऊक. हे निवृत्त प्राध्यापक, तोंडातून शब्द काढतील तर शपथ, म्हणून मी त्यांना कुलूपराव म्हणते. तोंडावरसुद्धा. रुग्णांचे आकडे उपचारासाठी आम्हाला वेगळे कळतात, पण निरोगी गटाचं कुलूप अभ्यास संपेपर्यंत उघडायचं नाही, हा नियम मीच बैठकीत भांडून करून घेतला. ओळख कळली की माणूस आकड्याला सवलत देतो. कुलूपराव म्हणाले होते, आणि कुणाचा आकडा वाईट आला तर? मी म्हटलं, निरोगी माणसाचा वाईट येईलच कशाला?

घरी आले तर चष्मा सापडेना. सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी नवऱ्याने माझ्या डोक्यावरून काढून हातात दिला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," म्हणाला. चष्म्याचं दुकान असलेल्या माणसाने असले विनोद करू नयेत.

२० फेब्रुवारी

आणखी दोन. एक शाळेतली शिक्षिका, एक सुतार. दोघांनाही साधा ताप येऊन गेला, दोघंही आपल्या पायांनी चालत आली, दोघांचीही मूत्रपिंडं निम्म्यावर आलेली. असं एखादं येईल हे मी धरून चालले होते. पण तीन?

शिक्षिकेचा रक्तदाब मोजायचा होता, पण पट्टा आवळायला लागला की ती घाबरून हात काढून घ्यायची. म्हटलं, हे बघा, आधी माझा मोजून दाखवते, काही दुखत नाही. पट्टा माझ्या दंडाला लावला. आकडा आला एकशे शहात्तरवर एकशे दहा. शिक्षिकेने तो वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघा, यंत्रसुद्धा तुम्हाला घाबरलंय. ती हसली, काम झालं. यंत्र दुरुस्तीला पाठवून दिलं. रुग्णांसाठीची यंत्रं ही अशी, मग निदानं कशी व्हायची?

डोकं दुखतं आहे. दुखण्यावरची एक गोळी घेतली. रुग्णांना मी या गोळ्या घेऊ देत नाही, मूत्रपिंडांना वाईट म्हणून. पण माझी काय मूत्रपिंडं बिघडलेली नाहीत.

२७ फेब्रुवारी

निरोगी गटाचे आकडे आले. सगळे कसे रांगेत उभे, आणि मधेच सत्तावीस क्रमांकाच्या नळीत दोन पूर्णांक सहा!

प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ मुलीला, जिला सगळे घाईताई म्हणतात, मी बोलावून घेतलं. नेहमीप्रमाणे ती धावत आली. म्हणाली, मॅडम, त्या गठ्ठ्यातल्या काही नळ्या जेवणाच्या सुट्टीत बाहेर राहिल्या होत्या, त्यातली असेल. तिला थोडं झापलं. मग दोघींनी बसून अंदाज बांधले. नळी खराब झाली, नाहीतर हा पहिलवान. भरपूर मांस खाऊन आणि वजनं उचलूनही हा आकडा वाढतो. एवढा वाढत नाही, हे मला माहीत आहे. पण पहिलवानाचं नाव निघाल्यावर आम्ही दोघी हसलो आणि विषय संपला.

सत्तावीस वगळला. शेजारी "नमुना खराब" असं लिहिलं. वगळल्यावर आलेख काय सुरेख झाला! ताप आलेले एकीकडे, न आलेले दुसरीकडे, मधे स्वच्छ दरी.

५ मार्च

रक्तदाबाचं यंत्र परत आलं. सोबत चिठ्ठी, "दोष आढळला नाही." दुरुस्ती विभागाला फोन करून तासलं. बघायचंच नसेल तर कशाला काय आढळेल?

१४ मार्च

बसचालकाला आज कायमचं डायलिसिस सुरू केलं. आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून रक्त धुवायचं. नोकरी गेल्यात जमा. अवजड गाडी आता त्याच्या हाती कोण देणार?

मी भेटायला गेले तर त्याने मला खुर्ची दिली. मला! तो म्हणाला की त्या तापात एक दिवस जरी जास्त पडून राहिलो असतो तर वाचलो असतो का? मी म्हटलं, तसं काही सांगता येत नाही. हे खरं आहे. पण बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी जिन्यात बसून रडलेली नाही. मी चांगलीच चिडखोर बाई आहे, रडकी नव्हते.

हल्ली सकाळी मळमळतं. मावशींच्या सुपाला लोखंडाची चव येते. त्यांना सांगितलं की पातेलं बदला. त्या इतक्या दुखावल्या की पातेलं घासून मला दाखवायला घेऊन आल्या.

२३ मार्च

रविवार. डोळ्यांपुढे अंधुक दिसतं म्हणून नवऱ्याच्या दुकानात गेले. त्याने मला उंच स्टुलावर बसवलं, भिंगं बदलून बदलून अक्षरं वाचायला लावली. मग तीच भिंगं पुन्हा एकदा लावून बघितली. नंबर बदललेला नाही म्हणाला.

"भिंगाचा प्रश्न नाही हा. आत काहीतरी आहे. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखव, उद्याच्या उद्या."

मी म्हटलं, आधी अहवाल लिहून होऊ दे. तो चिडला. तो चिडला की चष्मे पुसत बसतो, आज त्याने पूर्ण मांडणी पुसली. परत येताना मी त्याला हसवायला म्हटलं की लग्नातली अंगठी निघेना झाली आहे, एवढी मी सुखात आहे. तो म्हणाला, तुझ्या चपलाही तेच सांगतात, पट्ट्यांचे वळ उठतात पायांवर. बायको जाड झाली हे सांगायची ही त्याची पद्धत. उद्यापासून लिफ्ट बंद, जिन्यानेच जायचं.

९ एप्रिल

निरोगी गटाचं दुसऱ्यांदा रक्त घेतलं. पहिलवान यावेळी डोळे मिटून बसला. मावशी माझ्यावर अजून फुरंगटलेल्या, पण आल्या. शेवटी मी. घाईताईला माझी नस सापडेना. हात कसा भरल्यासारखा झालाय मॅडम, म्हणाली. तिसऱ्या वेळी सापडली. तिला म्हटलं, घाई करू नकोस, नावाप्रमाणे वागलंच पाहिजे असं नाही.

जिना चढून माझ्या खोलीत येईपर्यंत दोनदा थांबावं लागलं. जाडीचा परिणाम.

१५ एप्रिल

उभ्यानेच लिहिते आहे, अक्षर वाईट येणार.

सत्तावीस क्रमांक. तीन पूर्णांक आठ.

नळी यावेळी बाहेर राहिलेली नाही. सगळ्या नळ्या घेतल्याबरोबर थंडीत ठेवल्या, मी स्वतः उभी होते. दोन वेळा, दोन वेगळ्या महिन्यांत, नेमकी एकाच माणसाची नळी खराब होत नाही. नळी चांगली होती. फेब्रुवारीतही चांगलीच होती. माणूस बिघडलेला आहे.

माझ्या वीस निरोगी माणसांपैकी कुणीतरी रोज कामावर येतंय, हसतंय, जेवतंय आणि आतून संपत चाललंय. त्याला ठाऊक नाही. आणि मी फेब्रुवारीत त्याच्यावर रेघ मारून वर आलेखाचं कौतुक केलं. तेव्हाच त्याला गाठलं असतं तर आज आकडा कुठे असता?

सरळ कुलूपरावांकडे जायला हवं. पाय निघत नाहीत. कुणाचा आकडा वाईट आला तर, असं त्यांनी विचारलं होतं तेव्हा मी किती ऐटीत उत्तर दिलं होतं! आणि गेले तर फेब्रुवारीतलं ते "नमुना खराब" सांगावं लागेल. लाज वाटते. त्यापेक्षा आधी माझं मीच शोधून बघते.

१६ एप्रिल

सकाळी नवऱ्याच्या पावलांकडे बघत बसले. तो बूट घालत होता. पाय सुजतात का रे तुझे, विचारलं. म्हणाला, माझे का सुजतील? मग भूक, झोप, लघवी, सगळं विचारून घेतलं. त्याचा गुडघा दुखतो, अधूनमधून गोळ्या घेतो. सत्तावीस तो असला तर? मी घरात असून मला दिसलं नसेल तर? त्याला ओढतच रुग्णालयात नेलं आणि अभ्यासाच्या बाहेर, त्याच्या नावाने, त्याचं रक्त दिलं. पहिलवानाचंही घेतलं. तो कळवळून म्हणाला की मॅडम, माझ्यावरच का राग आहे?

१७ एप्रिल

नवऱ्याचा शून्य पूर्णांक नऊ! पहिलवानाचा एक पूर्णांक एक!

नवऱ्याच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर त्याचा हात धरून रडले. तो गोंधळला. एक आजोबा चष्मा घालून, मग काढून आमच्याकडे बघत होते.

मग भानावर आले. माझा नवरा नाही, एवढंच ठरलं. कुणाचा तरी नवरा आहेच, कुणाची तरी बायको, कुणाची आई. कॅन्टीनच्या मावशी? ग्रंथालयातले गृहस्थ? माझ्या डोळ्यांसमोरून सगळे एकेक करून गेले आणि प्रत्येक जण मला आजारी दिसायला लागला. लाज गेली खड्ड्यात. उद्या पहिलं काम कुलूपराव.

१८ एप्रिल

लिहिते. जसं झालं तसंच लिहिते.

सकाळी कुलूपरावांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. फेब्रुवारीतली रेघ, दुसरा आकडा, नवऱ्याची आणि पहिलवानाची उलटतपासणी. त्यांनी रागावायला हवं होतं. ते फक्त म्हणाले, बरं झालं आलात. मी त्यांना म्हटलं की मला नाव सांगू नका. निरोगी गटाची दुसरी फेरी हातात आहे, नाव कळलं तर माझी नजर बदलेल. तुम्ही त्या माणसाला फोन करा, आत्ता करा, मोठ्या सरांकडे पाठवा. दुखण्यावरच्या गोळ्या असतील तर बंद करा म्हणावं. मी बाहेर जाते.

इतकी शहाणी मी. नियम मोडायला गेले तेव्हासुद्धा नियम पाळत होते.

बाहेर लांब व्हरांडा आहे. त्याच्या अर्ध्यावर दम लागला म्हणून खिडकीपाशी थांबले होते. फोन वाजला. कुलूपराव. मला हसू आलं, या वयात चुकीची बटणं दाबतात. उचलून म्हटलं, अहो मला नाही, त्या माणसाला फोन करा.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"त्यालाच केलाय," कुलूपराव म्हणाले. "तुम्ही जिथे असाल तिथे आधी बसा."

मी बसले नाही. खिडकीच्या कठड्यावर माझा हात होता. अंगठीभोवती फुगलेलं बोट होतं, खाली चपलांतून वर आलेली पावलं होती. मी त्या पावलांकडे बघत राहिले. रुग्णाची असती तर मी दारातूनच ओळखली असती. आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं? देवाशपथ, हेच: "पण मला तर काहीच होत नाही."

१९ एप्रिल

काही सुचत नाही.

२५ एप्रिल

दाखल आहे. मोठ्या सरांनी पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढला. आत गाळण्यांना सूज आहे, विषाणूच्या तापानंतर येते तशी. शेजारी गोळ्यांनी केलेली इजाही दिसते. डोकेदुखीसाठी घेतलेल्या गोळ्या. डोकं दुखत होतं रक्तदाबाने आणि रक्तदाब चढला होता मूत्रपिंडांनी. यंत्र बरोबर होतं. पातेलंही स्वच्छ होतं. नवऱ्याची भिंगं बरोबर होती. मी सोडून सगळे बरोबर होते.

सर म्हणाले की थोडा भाग गेला तो गेला. उरलेला वाचवायला औषधं चालू केली आहेत. वाचेल की नाही ते महिनाभराने कळेल. सर मला हे सांगत होते तेव्हा मला त्यांची कीव येत होती. हे वाक्य बोलणं किती कठीण असतं ते मला ठाऊक आहे. ऐकणं त्याहून कठीण असतं, ते आज कळलं.

नवरा पलंगापाशी बसून असतो. अंगठी कापावी लागली. दोन तुकडे त्याने चष्म्याच्या डबीत ठेवले आहेत. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "त्या दिवशी दुकानातून तुला उचलून न्यायला हवं होतं मी." मी म्हटलं, मी चावले असते. तो हसला आणि मग तोंड फिरवून बराच वेळ चष्मा पुसत बसला.

भीती वाटते. यापलीकडे आज काही लिहिण्यासारखं नाही.

२ मे

कुलूपराव भेटायला आले. फळं आणली होती, त्यातलं निम्मं मला खायला बंदी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले की सत्तावीसचं काय करायचं, निरोगी गटात ठेवायचा की वगळायचा? मी म्हटलं, तापाच्या गटात घाला. ऑक्टोबरात मला ताप होता. दीड दिवस होता, वॉर्डातल्या बाकावर मी कुडकुडत होते, आणि गोळ्या घेऊन उठले. ताप म्हटलं असतं तर घरी जावं लागलं असतं. वॉर्ड भरलेला होता, घरी जायला वेळ कुणाला होता?

ते गेल्यावर एकदम मनात आलं आणि मी पलंगावर उठून बसले. वेळ फक्त मलाच नव्हता का? आम्ही माणसांना विचारलं, ताप आला होता का. रुग्णालयातलं कुठलं कामाचं माणूस याला हो म्हणेल? प्रश्नच चुकीचा होता. आपल्याकडे ताप येत नाही, तो अंगावर काढला जातो. आणि अंगावर काढलेला ताप माणूस आजारात धरतच नाही, तो फार तर बढाईत धरतो. माझी शेगडी एक दिवस बंद नव्हती!

कुलूपरावांना फोन केला. उरलेल्या एकोणीस जणांना पुन्हा बोलवा, प्रश्न बदला. विचारा, त्या दिवसांत काही अंगावर काढलंत का?

१३ मे

काल घरी आले. चालताना भिंत धरावी लागते. आकडा तीन पूर्णांक तीन. उतरला, पण किती उतरेल ते सरही सांगत नाहीत.

घाईताई नवा अर्ज घेऊन घरीच आली, फक्त माझं उत्तर राहिलं होतं म्हणून. टेबलापाशी ताठ बसून तिने अगदी परक्या बाईला विचारावं तसं विचारलं, "त्या दिवसांत काही अंगावर काढलंत का?" मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून नवरा ओरडला, तेवढा कागद आणलायस का? घाईताई खुदकन हसली. मग तिने बाकीच्यांची उत्तरं सांगितली. एकोणिसांपैकी सात जण थोडं थांबून हो म्हणाले. सातांतला एक माझा नवरा. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तो तिथूनच म्हणाला की दोन दिवस होता, तू वॉर्डात होतीस, तुला कशाला सांगायचं? त्याचा आकडा अजून चांगला आहे. यापुढे दर महिन्याला घेणार.

सातही जणांचं रक्त नव्याने घेतलं आहे. बैठकीत नवा नियमही झाला. आकडा बिघडलेला दिसला की आधी माणसाला फोन, गणित नंतर.

१५ मे

अहवाल आले. सहा जण ठीक.

सातवा आकडा एक पूर्णांक नऊ. आधीचे दोन काढून बघितले. जानेवारीत शून्य पूर्णांक आठ, एप्रिलमध्ये एक पूर्णांक दोन. तेव्हा तो चढत होता, पण फारसा वर गेला नव्हता म्हणून आमच्यापैकी कुणी मान वर करून बघितलं नाही. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला एप्रिलमध्ये कळलं असं वाटत होतं. ती दुसऱ्यांदाही सरकते.

कुलूपरावांनी नाव सांगितलं आणि विचारलं, फोन मी करू? मी म्हटलं, नको, मी करते. अजून एक पूर्णांक नऊ आहे, माझ्यासारखं तीन-चारवर गेलेलं नाही. पुष्कळ काही वाचवता येईल. हे मी नंबर लावताना स्वतःला बजावत होते.

मावशींनी फोन उचलला. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी चहा मागत होतं. आधी त्यांनी माझीच चौकशी केली, पथ्य काय, सूप पाठवू का, पातेलं नवं घेतलंय. मी त्यांचं बोलून होऊ दिलं. मग आकडा सांगितला, आणि आजच सरांकडे यायचं म्हटलं.

त्या हसल्या. "अहो, नळी बदलली असेल मॅडम. मला तर काहीच होत नाही."

मी आवाज शक्य तितका सरळ ठेवला.

"शेगडी बंद करा मावशी," मी म्हटलं, "आणि आधी बसा."